काढून टाकलेल्या कार्डाची सावली : संगणकाच्या स्मरणशक्तीचा एक इतिहास

१९९५ सालच्या ऑगस्ट महिन्यात नऊ दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. १५ ऑगस्टला विदेश संचार निगम लिमिटेडने भारतातील सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. २४ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ ही कार्यप्रणाली बाजारात आणली. पहिल्या घटनेमुळे भारतीय घरांतला आणि कचेऱ्यांतला संगणक जगाशी जोडला जाण्याची वाट मोकळी झाली. दुसरीमुळे संगणकाला आपल्या अंगावर बसवलेले प्रत्येक उपकरण स्वतःहून ओळखण्याची आणि ते लक्षात ठेवण्याची सवय लागली. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि त्यांतून एक लहानशी, पण विलक्षण चिवट अडचण जन्माला आली. संगणकातून कधीच काढून टाकलेले नेटवर्क कार्ड त्याच्या स्मृतीत तसेच राहते, आणि नव्या कार्डाला त्याचा पत्ता वापरू देत नाही.

ही अडचण प्रत्यक्षात कशी दिसते, ते आधी पाहू. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडते, केबलमधून विजेचा झटका येतो आणि प्रयोगशाळेतील संगणकाचे नेटवर्क कार्ड जळते. हा संगणक एखाद्या वर्णपटमापकाला जोडलेला असतो. त्याला एक स्थिर आयपी पत्ता दिलेला असतो आणि मोजमापे गोळा करणारी इतर यंत्रे त्याला त्याच पत्त्यावर शोधत असतात. तंत्रज्ञ जळलेले कार्ड काढतो, नवे बसवतो आणि जुनाच पत्ता टाइप करतो. तेव्हा संगणक बजावतो, की हा पत्ता आधीच दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे आणि तो अडॅप्टर यंत्रात नसल्यामुळे यादीत दिसत नाही. तंत्रज्ञ टेबलावर पाहतो. ज्याला पत्ता दिलेला आहे असे संगणक सांगतो, ते कार्ड तिथे जळलेल्या अवस्थेत पडलेले असते.

गावाकडच्या वाचकांना यात काही अपरिचित वाटू नये. सातबाऱ्यावर मयताचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहते, कारण माणूस गेल्याने नोंद आपोआप जात नाही. त्यासाठी फेरफार करून घ्यावा लागतो. संगणकाच्या नोंदवहीचेही तसेच आहे. प्रश्न असा, की ही नोंदवही मुळात आली कोठून, आणि तिच्या कर्त्यांनी जुनी नावे आपोआप कमी होतील अशी सोय का केली नाही?

कायमच्या ओळखीची कल्पना

या कथेचा आरंभ कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात होतो. तेथे मे १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी एका टिपणात इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती प्रत्यक्षात उतरवली. एकाच केबलवर अनेक संगणक जोडायचे, प्रत्येकाने आपला निरोप त्या सामाईक केबलवर सोडायचा आणि ज्याच्या नावाचा निरोप असेल त्याने तो उचलायचा, असे तिचे स्वरूप होते. अर्थात प्रत्येक संगणकाला काहीतरी नाव, म्हणजे क्रमांक हवा. त्या प्रायोगिक जाळ्यात हा क्रमांक केवळ आठ बिटांचा होता. आठ बिटांत २५६ क्रमांक मावतात. एका इमारतीला तेवढे पुरेसे होते.

१९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून इथरनेटचे सार्वजनिक प्रमाण प्रसिद्ध केले, तेव्हा हा क्रमांक ४८ बिटांचा झाला. त्यामागील विचार पुढल्याच वर्षी एका शोधनिबंधात सविस्तर आला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक होते योगेन दलाल. मुंबईच्या आयआयटीतून १९७२ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले होते. इंटरनेटचा कणा असलेल्या टीसीपीचा पहिला तपशीलवार आराखडा डिसेंबर १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर दलाल यांचेही नाव आहे. इथरनेटच्या क्रमांकाविषयी त्यांनी आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी मांडलेली भूमिका स्पष्ट होती. यंत्राचा क्रमांक ते कोणत्या जाळ्यात बसवले आहे यावर अवलंबून नसावा. तो निर्मितीच्या वेळीच दिलेला, जगात एकमेव आणि कायमचा असावा. यंत्र मुंबईहून दिल्लीला नेले तरी ते तेच राहावे.

४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे क्रमांक बसतात. त्यांपैकी पहिले २४ बिट निर्मात्या कंपनीला नेमून दिले जातात आणि उरलेले २४ ती कंपनी प्रत्येक कार्डाला वेगळे देते. आज यालाच मॅक पत्ता म्हणतात. संगणकाच्या जाळ्यातील प्रत्येक कार्डाला जन्मखुणेसारखी कायमची ओळख मिळाली ती येथे. ओळख कायमची झाली, की ती लक्षात ठेवणेही शक्य होते. पुढच्या सगळ्या कथेचे बीज या एका निर्णयात आहे.

जंपरचे दिवस

मात्र संगणक ही ओळख लगेच लक्षात ठेवू लागला नाही. १९८० च्या दशकात नेटवर्क कार्ड बसवणे हे निव्वळ हातकाम होते. कार्डावर बारीक पिना असत आणि त्यांवर टोपणासारखे जंपर चढवून दोन गोष्टी ठरवाव्या लागत. कार्ड मुख्य प्रक्रियकाचे लक्ष कोणत्या तारेवरून वेधून घेईल, ही एक. आणि प्रक्रियक त्याच्याशी कोणत्या अंतर्गत पत्त्यावर बोलेल, ही दुसरी. मग हेच आकडे ड्रायव्हरच्या फाइलमध्ये हाताने लिहायचे. ध्वनीचे कार्ड किंवा मोडेम यांनी तीच तार आधी अडवलेली असेल, तर दोन्ही उपकरणे मुकी होत. खोक्याचे झाकण काढायचे, जंपर हलवायचा, झाकण लावायचे, संगणक पुन्हा सुरू करायचा, असा हा क्रम कधी दिवसभर चाले.

भारतातील संगणकजाळ्यांची पहिली पिढी याच काळात घडली. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. त्यात दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील पाच आयआयटी, बेंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा आठ संस्था होत्या. एनसीएसटी आणि मुंबई आयआयटी यांच्यात दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली, आणि १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेतील व्हर्जिनियाशी जोडणी झाली. या प्रयत्नांत पुढाकार घेणारे एनसीएसटीचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी यांचा २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला. त्या पिढीच्या संगणकांना आपल्या पोटात कोणते कार्ड आहे याची स्वतःची अशी काही जाण नव्हती. जाण असे ती ते चालवणाऱ्या माणसाला. जुने कार्ड काढले तर फाइलमधली ओळही तोच खोडत असे, त्यामुळे सावली मागे राहण्याचा प्रश्न फारसा येत नसे. स्मृती माणसाकडे होती, आणि विस्मृतीची जबाबदारीही.

नोंदवहीचा जन्म

हे हातकाम संपवण्यासाठी १९९३ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'प्लग अँड प्ले' हे प्रमाण पुढे आणले. कल्पना अशी, की कार्डाने आपले नाव-गाव स्वतः सांगावे आणि तारा व पत्ते यांची वाटणी संगणकाने करावी. विंडोज ९५ ने ही कल्पना घराघरांत पोहोचवली. त्यासाठी कार्यप्रणालीला एक मोठी नोंदवही ठेवावी लागली. तिला रजिस्ट्री म्हणतात. संगणकाला जोडल्या गेलेल्या प्रत्येक उपकरणासाठी तिच्यात एक नोंद होते: निर्माता कोण, प्रकार कोणता, ते कोठे जोडले होते आणि त्याचा ड्रायव्हर कोणता.

उपकरण काढले की ती नोंद पुसायची की ठेवायची, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला असणार, आणि उत्तर 'ठेवायची' असे निघाले. त्यामागे सबळ कारण होते. प्रिंटर बंद केला म्हणून तो गेला असे होत नाही. प्रवासात निघालेला माणूस लॅपटॉपमधील नेटवर्क कार्ड काढून ठेवतो आणि कचेरीत परत आल्यावर तेच पुन्हा खोचतो. प्रत्येक वेळी ड्रायव्हर नव्याने बसवायचा आणि सगळे पत्ते नव्याने टाइप करायचे, तर प्लग अँड प्लेचा अर्थच उरत नाही. संगणकाला 'काढून ठेवले' आणि 'कायमचे गेले' यांतला फरक कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. त्याने प्रत्येक अनुपस्थित उपकरण परत येईल असे धरून चालायचे ठरवले. कार्ड महाग होती आणि ती वर्षानुवर्षे टिकत, त्या काळात हे गृहीतक बहुतेक वेळा खरे ठरे.

याच काळातील एक बारकावा भारतीय वाचकांना रोचक वाटेल. विंडोज ९५ वरून मोडेमने इंटरनेटला जोडून घेणाऱ्यांच्या नेटवर्कच्या यादीत 'डायल-अप अडॅप्टर' नावाची एक वस्तू दिसे. तशा नावाचे कोणतेही कार्ड खोक्यात नसे. मोडेम हा अडॅप्टर असल्याची बतावणी करणारी ती एक आज्ञावली होती. अशा रीतीने भारतातील अनेकांच्या वाट्याला आलेला पहिला नेटवर्क अडॅप्टरच मुळी अदृश्य होता. पुढे काय होणार याची ती पूर्वसूचना होती.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये जुन्या नोंदी पाहायच्या तर संगणक 'सेफ मोड'मध्ये सुरू करावा लागे. तेव्हा उपकरणांच्या यादीत एकाच कार्डाची दोन-तीन नावे दिसत आणि जाणकार नकली नावे खोडून टाकत. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० ने प्लग अँड प्लेची व्यवस्था कचेऱ्यांतील आणि सर्व्हरवरील संगणकांपर्यंत नेली. तेथे स्थिर आयपी पत्त्यांचा वापर नित्याचा होता. जुन्या कार्डाची सावली घरच्या संगणकात निरुपद्रवी होती. सर्व्हरमध्ये ती मार्ग अडवू लागली.

एकाच कार्डाच्या अनेक सावल्या

याचे तांत्रिक कारण समजून घेण्यासारखे आहे. विंडोज आयपी पत्ता संगणकाच्या नावाने साठवत नाही. तो प्रत्येक अडॅप्टरच्या नावाने वेगळा साठवते. कार्ड गेले तरी त्याच्या नावाने ठेवलेला पत्ता त्याच्याच खात्यावर राहतो. नव्या कार्डाला तोच पत्ता देऊ लागले, की व्यवस्था धोक्याची सूचना देते. कारण उद्या जुने कार्ड परत आले, तर एकाच घरात एका पत्त्याचे दोन दावेदार उभे राहतील.

दुसरे कारण ओळखीच्या पद्धतीत आहे. मॅक पत्ता कायमचा असला तरी उपकरणांची नोंदवही त्यावर चालत नाही. ड्रायव्हर बसण्यापूर्वी, म्हणजे मॅक पत्ता वाचता येण्यापूर्वीच उपकरण ओळखावे लागते. म्हणून निर्माता, नमुना आणि जागा यांवरून नोंद होते. परिणामी बरेचसे कार्ड एका खाचेतून काढून शेजारच्या खाचेत बसवले, तर विंडोजच्या दृष्टीने ते नवे उपकरण ठरते आणि त्याच्या नावापुढे '२' हा आकडा लागतो. यूएसबीच्या वाय-फाय काडीला स्वतःचा अनुक्रमांक नसेल, तर संगणकाच्या प्रत्येक वेगळ्या तोंडात ती खोचल्यावर एक नवी नोंद तयार होते. वस्तू एकच, सावल्या चार.

लिनक्सने वेगळा मार्ग घेतला, आणि तोही काटेरी निघाला. पूर्वी लिनक्स कार्डांना ज्या क्रमाने ती सापडतील त्या क्रमाने 'ईथ०', 'ईथ१' अशी नावे देई. दोन कार्डे असली तर हा क्रम कधी बदले आणि बाहेरचे जाळे आतल्याच्या जागी येई. ही अनिश्चितता टाळण्यासाठी पुढे मॅक पत्त्यावर आधारलेली एक नोंद ठेवली जाऊ लागली: या पत्त्याचे कार्ड म्हणजे 'ईथ०', कायमचे. येथे दलाल-प्रिंटिस यांची कल्पना अक्षरशः अमलात आली होती. पण कार्ड बदलले की जुन्याचे नाव राखीव राही आणि नव्याला 'ईथ१' मिळे. सगळी मांडणी मात्र 'ईथ०'च्या नावाने लिहिलेली असे, म्हणून जाळे बंद.

शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हा दोष हमखास भेटे. एका संगणकावर सगळी व्यवस्था नीट लावून त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत इतर संगणकांवर चढवली, की पहिल्या संगणकाच्या कार्डाची नोंद सगळ्यांकडे जाई आणि प्रत्येक नव्या संगणकाचे कार्ड 'ईथ१' होऊन बसे. केरळच्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले, सी-डॅकने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली. देशभर लिनक्स वर्गखोल्यांत पोहोचण्याचा तो काळ होता. असा एका फाइलमधला दोष न ओळखणाऱ्या शिक्षकाला संगणकच नादुरुस्त वाटणे स्वाभाविक होते, आणि त्याची किंमत तासाला बसलेली मुले मोजत. जानेवारी २०१३ मध्ये लिनक्सच्या 'सिस्टमडी' या घटकाने जुनी नोंद ठेवण्याची पद्धत सोडून कार्डाच्या खाचेवरूनच नाव ठरवायला सुरुवात केली. त्याच खाचेत नवे कार्ड बसवले, तर त्याला तेच नाव मिळते. स्मृतीची गरजच उरत नाही.

ओळख देहात असते की जागेत, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो. संगणकाच्या इतिहासात त्याची दोन्ही उत्तरे देऊन पाहिली गेली आणि दोन्हींचे तोटे भोगावे लागले.

कार्डच नाहीसे झाले तेव्हा

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने पुढल्याच वर्षी सामान्य पीसीवर 'आभासी संगणक' चालवणारे उत्पादन आणले. एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक काल्पनिक संगणक चालू लागले आणि त्या प्रत्येकाला काल्पनिक नेटवर्क कार्ड मिळाले. मग जुने सर्व्हर जसेच्या तसे उचलून आभासी यंत्रांत हलवण्याची लाट आली. लोखंडी खोके भंगारात गेले. पण त्यातील नेटवर्क कार्ड, ज्याच्या नावावर पत्ता होता, ते आभासी यंत्राच्या नोंदवहीत तसेच राहिले. लोखंड गेले आणि सावली नव्या घरात राहायला आली.

भारतात हे स्थलांतर २०१० नंतरच्या दशकात वेगाने झाले. केंद्र सरकारच्या 'मेघराज' उपक्रमाखाली २०१४ मध्ये राष्ट्रीय क्लाउड सुरू झाला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नई परिसरात, तर २०१६ मध्ये ॲमेझॉनने मुंबईत आपली क्लाउड केंद्रे उघडली. क्लाउडमधील आभासी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, की काही प्रसंगी ते वेगळ्याच खऱ्या यंत्रावर उठते आणि त्याला नवे आभासी कार्ड मिळते. असे अनेकदा झाले, की आत कधी न पाहिलेल्या कार्डांच्या नोंदींची रांग लागते. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर व्हीपीएनच्या आज्ञावल्या आल्या. त्यांतील बऱ्याच स्वतःचा एक आभासी अडॅप्टर बसवतात, आणि आज्ञावली काढून टाकल्यावर तो नेहमी पूर्णपणे जातोच असे नाही.

१९९५ चे गृहीतक येथे उलटे झाले. तेव्हा कार्ड दुर्मीळ होते आणि गेलेले बहुधा परत येई. आज कार्ड म्हणजे चार ओळींची आज्ञा असू शकते. ती क्षणात जन्मते आणि गेली की परत येत नाही. स्मरण ठेवण्याची रीत मात्र तीच राहिली.

फेरफार कसा करावा

उपाय अवघड नाही, पण तो क्रमाने आणि सावधपणे करावा लागतो. विंडोज २००० ते विंडोज ७ या प्रणालींत प्रशासकाच्या अधिकाराने कमांडची खिडकी उघडून 'डेव्हएमजीआर_शो_नॉनप्रेझेंट_डिव्हायसेस' या नावाच्या चलाला १ ही किंमत द्यावी लागते आणि त्याच खिडकीतून डिव्हाइस मॅनेजर सुरू करावा लागतो. मग 'व्ह्यू' या मेनूतील 'शो हिडन डिव्हायसेस' निवडले, की नेटवर्क अडॅप्टरांच्या यादीत गेलेल्या कार्डांची नावे फिकट चित्रांसह दिसू लागतात. विंडोज ८ पासून चलाची गरज उरली नाही. मेनूतील निवड पुरते. फिकट नावावर उजवी टिचकी देऊन 'अनइन्स्टॉल' केले, की नोंद जाते आणि तिच्याबरोबर अडकलेला पत्ताही सुटतो.

यात तीन सावधगिऱ्या पाळाव्या लागतात. पहिली, लपलेले आणि अनुपस्थित यांत भेद आहे. यादीत 'वॅन मिनीपोर्ट'सारखी नावे असतात. ती कार्यप्रणालीची स्वतःची, कामात असलेली अंगे होत. त्यांना हात लावू नये. नावावर उजवी टिचकी देऊन गुणधर्म पाहिले आणि स्थितीच्या चौकटीत ४५ हा संकेतांक दिसला, तर ते उपकरण खरोखर जोडलेले नाही असे समजावे. दुसरी, खोडण्यापूर्वी जुन्या कार्डाचा आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस यांची कागदावर नोंद करून घ्यावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, जो संगणक दूर आहे आणि केवळ त्याच जाळ्यावरून हाताळला जात आहे, त्याच्यावर हे काम करू नये. चुकून चालू कार्ड खोडले गेले, तर ज्या फांदीवर बसायचे तीच तोडल्यासारखे होते. डोंगरावरच्या वेधशाळेतील किंवा दूरच्या रुग्णालयातील यंत्रापर्यंत मग माणसालाच जावे लागते.

स्मृतीची दुसरी बाजू

एवढे वाचून कोणालाही वाटेल, की कार्यप्रणालीने या सावल्या आपणच पुसाव्यात. पण ज्या नोंदी तंत्रज्ञाला कचरा वाटतात, त्याच न्यायवैद्यक तपासात साक्षीदार होतात. या संगणकाला कोणता पेन-ड्राइव्ह जोडला गेला होता, तो कोणत्या वाय-फाय जाळ्यांत आणि कधी शिरला होता, याची माहिती विंडोजच्या त्याच नोंदवहीत सापडते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नंतर भारतीय न्यायालयांत इलेक्ट्रॉनिक पुराव्याला स्थान मिळाले, आणि भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्येही त्याची तरतूद आहे. अशा प्रकरणांत संगणक काय विसरला नाही, यावर एखाद्याचे निर्दोषत्वही अवलंबून असू शकते. तपासाखालील यंत्रावरील 'साफसफाई' हा म्हणूनच तांत्रिक प्रश्न राहत नाही.

दुसरीकडे, कायमच्या ओळखीचा धोकाही दिसून आला. खिशातील मोबाइल आपला मॅक पत्ता आसपासच्या प्रत्येक वाय-फाय केंद्राला सांगत फिरे, म्हणजे त्याच्या मालकाचा माग काढता येई. ॲपलने २०१४ पासून जाळी शोधताना खोटे, क्षणिक पत्ते वापरायला सुरुवात केली. पुढे अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ यांनी प्रत्येक जाळ्यासाठी वेगळा यादृच्छिक पत्ता देणे ही नित्याची पद्धत केली. १९८० मध्ये जगात एकमेव आणि कायमचा असावा म्हणून जो क्रमांक घडवला गेला, तो आता मुद्दाम वारंवार बदलला जातो.

चार-पाच दशकांच्या या इतिहासात कोणीही मूर्खपणा केलेला नाही. इथरनेटच्या कर्त्यांना यंत्र हरवू नये असे वाटत होते. प्लग अँड प्लेच्या कर्त्यांना माणसाचे श्रम वाचवायचे होते. लिनक्सच्या कर्त्यांना नावांचा गोंधळ थांबवायचा होता. प्रत्येकाने लक्षात ठेवण्याची सोय विचारपूर्वक केली. विसरायचे केव्हा आणि कोणी, हे मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुढच्या माणसावर सोपवले. संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी यात एक साधा धडा आहे. कोणतीही नोंद ठेवणारी व्यवस्था रचताना, मग ती कार्डांची असो, रुग्णांची असो वा नागरिकांची, नोंद कशी होईल याच्या शेजारीच ती कोणाच्या अधिकाराने, कोणत्या खात्रीनंतर आणि किती काळाने कमी होईल हेही लिहून ठेवावे. ते लिहिले नाही, तर जळून गेलेले एक कार्ड वर्षानुवर्षे आपला पत्ता अडवून बसते आणि चालते यंत्र दाराबाहेर उभे राहते.